समुद्राचं विरजण

पावसाळा सरला, की थळ-वरसोलीपासून मुरूडच्या एकदऱ्यापर्यंत रायगडच्या किनाऱ्यावर वाळवण पडतं. बांबूच्या वलांडींवर बोंबील जोडीजोडीने लटकतात आणि खळ्यावर जवळा पसरला जातो. डोलीच्या जाळ्यातून नुकताच उतरवलेला ओंजळभर जवळा हातात घेऊन पाहावा. एकेक जीव जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा, काचेसारखा आरपार, आणि त्या आरपार देहावर खसखशीएवढे दोन काळे डोळे. दोन-तीन उन्हं खाल्ली की त्याची तांबूस सुकट होते आणि पुढे वर्षभर कांदा-कोकमाबरोबर तव्यावर पडते.

त्या सुकटीत एक द्रव्य असतं, जे जवळ्याने घडवलेलं नसतं. जवळा खाणाऱ्या बोंबलानेही ते घडवलेलं नसतं. ते द्रव्य म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. कुठल्याही प्राण्याला, कुठल्याही झाडाला ते तयार करता येत नाही. ती विद्या आहे फक्त जिवाणूंकडे आणि त्यांच्यासारख्याच, आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांकडे. बाकी सगळी जीवसृष्टी एक तर बी-१२ शिवाय भागवते किंवा त्यांच्याकडून उसनं घेते.

समुद्रातली ही उसनवारी माणसाच्या ध्यानात यायला जवळपास शंभर वर्षं लागली. त्या शंभर वर्षांची हकीकत इंग्लंड, अमेरिका, स्कॉटलंड अशी फिरत जाते, पण तिचा एक महत्त्वाचा धागा रेवसच्या समोर, बंदराच्या पलीकडे, मुंबईच्या परळला सापडतो.

परळची प्रयोगशाळा

१९२८ च्या अखेरीस लूसी विल्स नावाच्या चाळीस वर्षांच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत उतरल्या. बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांची चौकशी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने हाती घेतली होती. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या बोलावण्यावरून विल्स त्या कामासाठी आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी बस्तान मांडलं. तेव्हाच्या मुंबईत कापडगिरण्यांचे भोंगे वाजत होते. कोकणातून, त्यात आजच्या रायगडच्या म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातूनही, माणसं गिरण्यांच्या आसऱ्याला जात होती. आणि गिरणगावातल्या गरीब गरोदर स्त्रियांना एक भयंकर पंडुरोग गाठत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने रोडावत आणि ज्या उरत त्या अवाजवी मोठ्या, अर्ध्या कच्च्या असत.

असाच दिसणारा दुसरा एक पंडुरोग युरोप-अमेरिकेत ठाऊक होता. १९२६ मध्ये बॉस्टनच्या मायनट आणि मर्फी यांनी त्यावर उतारा शोधला होता: रोज भरपूर यकृत खाणं. त्यामुळे यकृताचे अर्क औषध म्हणून मिळू लागले होते. विल्स यांनी वेगळ्या बाजूने सुरुवात केली. या बायका जेवतात काय, हे त्यांनी आधी पाहिलं. मग तसल्याच निकृष्ट आहारावर उंदीर ठेवले, माकडं ठेवली. माकडांच्या रक्तात तोच आजार उतरला. त्यांना मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क, दिला तेव्हा ती सावरली. स्त्रियांना दिला तेव्हा त्याही सावरल्या. १९३१ मध्ये हा निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला.

यात एक बारकावा होता. चांगलं शुद्ध केलेलं यकृताचं औषध पाश्चात्त्य पंडुरोगाला लागू पडे, पण मुंबईच्या या स्त्रियांना त्याने उतार पडत नसे. म्हणजे रक्त घडायला लागणाऱ्या वस्तू दोन होत्या, एक नव्हे. विल्स यांना गवसलेल्या वस्तूला पुढे फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. १९४१ मध्ये टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी ती चार टन पालकाच्या भाजीतून वेगळी काढली. यकृतात दडलेली दुसरी वस्तू म्हणजे बी-१२.

ही दोन जीवनसत्त्वं शरीरात एका ठिकाणी भेटतात. मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल तयार करणारं एक विकर आहे. फॉलिक ॲसिड त्याच्याकडे कार्बनचा एक लहानसा तुकडा पोचवतं, बी-१२ तो तुकडा हातात धरतं आणि जिथे लावायचा तिथे लावतं. दोघांपैकी एक जरी हजर नसलं तरी काम अडतं, पेशी दुभंगायची थांबते, रक्त बिघडतं. परळच्या गरोदर बाईच्या रक्तात हे विकर असतं. आणि थळच्या समुद्रात तरंगणाऱ्या कितीतरी सूक्ष्म शैवालांतही अगदी हेच विकर असतं. समुद्राची गोष्ट इथूनच कळायला लागते.

लाल स्फटिक

१९४८ मध्ये बी-१२ हाती लागलं. अमेरिकेत मर्क कंपनीत कार्ल फोकर्स यांच्या चमूने आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोत लेस्टर स्मिथ यांनी ते जवळजवळ एकाच सुमारास शुद्ध केलं. गडद लाल स्फटिक, आणि पोटात कोबाल्ट धातूचा एक अणू. हा शोध वेगाने लागला याचं मोठं श्रेय मेरी शॉर्ब या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंना जातं. दह्या-दुधातल्या जिवाणूंच्या कुळातला एक जिवाणू या द्रव्याशिवाय वाढत नाही, हे त्यांनी हेरलं. त्याआधी औषध खरं आहे की नाही हे पाहायला आजारी माणूस लागे. आता परीक्षानळीतला जिवाणू पुरे झाला.

त्याच वर्षी आणखी एक उलगडा झाला. ज्या सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळत होतं, त्याच्या आंबवणातही बी-१२ सापडलं. यकृत हे कोठार होतं, कारखाना नव्हता. गाईच्या पोटातले जिवाणू ते घडवत आणि गाय ते साठवत होती.

कारखाना किती कसबी आहे हे पुढे कळलं. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी या रेणूची रचना १९५६ पर्यंत पूर्ण उलगडली आणि १९६४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तो रेणू प्रयोगशाळेत पहिल्यापासून बांधायला वुडवर्ड आणि एशनमोझर यांच्या हाताखाली सुमारे शंभर रसायनतज्ज्ञ दशकभर झटले. वुडवर्ड यांनी ते काम फेब्रुवारी १९७२ मध्ये नवी दिल्लीच्या परिषदेत मांडलं. चिखलातला एक जिवाणू तीसेक पायऱ्या चढून तेच रोज करतो.

चंबूतला समुद्र

आता थोडं मागे, १९१० मध्ये, इंग्लंडच्या प्लिमथ गावी जाऊ. तिथल्या सागरी प्रयोगशाळेत एडगर ॲलन आणि नेल्सन हे प्लवक वाढवू पाहत होते. प्लवक म्हणजे पाण्यासोबत तरंगणारे सूक्ष्म जीव. त्यातले हिरवे जीव सूर्यप्रकाशावर अन्न शिजवतात आणि समुद्रातली सारी खाद्यसाखळी त्यांच्यावर उभी राहते. ॲलन यांनी मोजूनमापून क्षार घेतले, शुद्ध पाण्यात विरघळवले आणि कृत्रिम समुद्र बनवला. नायट्रेट घातलं, फॉस्फेट घातलं. रसायनाच्या हिशेबात काही कमी नव्हतं. तरीही डायटम, म्हणजे प्लवकातली एक प्रकारची सूक्ष्म शैवालं, वाढेनात. मग त्यात खऱ्या समुद्राचं थोडंसं पाणी मिसळलं, आणि चंबूतलं पाणी डायटमांनी भरलं. १९१४ मध्ये ॲलन यांनी हे सविस्तर मांडलं.

आपल्या स्वयंपाकघरात याला विरजण म्हणतात. दूध कितीही चांगलं असलं तरी चमचाभर आधीच्या दह्याशिवाय दही लागत नाही. त्या चमचाभर समुद्रात नेमकं काय आहे, हे ॲलन यांना सांगता आलं नाही. ‘व्हिटॅमिन’चं मूळ रूप असलेला शब्दच मुळी १९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी घडवला होता.

पुढे लोक त्या विरजणाच्या जागी दुसरं काहीतरी वापरू लागले. युरोपात समुद्री शेवाळ वाढवणारे बागेतली माती पाण्यात उकळून तो काढा चंबूत घालत. मातीचा काढा घातला की शेवाळ तरारे. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. हात मात्र बरोबर जागी पडला होता: मातीतल्या जिवाणूंनी घडवलेली जीवनसत्त्वं त्या काढ्यात उतरत होती.

कोडं सुटायला सुरुवात झाली न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत. सेमोर हटनर आणि मूळचे इटलीचे लुइजी प्रोव्हासोली यांनी ठरवलं, की शेवाळासोबत आलेला एकूणएक जिवाणू काढून टाकायचा आणि एकट्या शेवाळाला काय लागतं ते पाहायचं. काम किचकट होतं, कारण सूक्ष्म शेवाळाच्या अंगालाच जिवाणू चिकटलेले असतात. धुवा, गाळा, पुन्हा धुवा. अखेर निर्जंतुक शेवाळ हाती आलं आणि बरंचसं मरायला टेकलं. १९४९ मध्ये, बी-१२ हाती लागल्यावर वर्षभरातच, त्यांनी सहकाऱ्यांसोबत दाखवून दिलं, की गोड्या पाण्यातला युग्लीना हा हिरवा जीव बी-१२ शिवाय वाढत नाही. थेंबभर बी-१२ मिळालं की नळी हिरवीगार होते.

ती नळीच मग मापकाटा झाली. समुद्राचं पाणी आणायचं, गाळायचं, त्यात युग्लीना सोडायचा, काही दिवस उजेडात ठेवायचं आणि हिरवेपणा मोजायचा. जितकं हिरवं तितकं बी-१२. आकडे आले ते थक्क करणारे होते. किनाऱ्याजवळच्या पाण्यात लिटरमागे एखादा नॅनोग्रॅम, कधी थोडं जास्त, कधी फारच कमी. लिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे किती? एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि एक मीटर खोल पाण्याच्या चादरीत मिळून एक ग्रॅम.

१९५६ मध्ये पॉल आणि लिलियन बर्कहोल्डर यांनी अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या किनाऱ्यावर हेच मोजमाप वेगळ्या जागी केलं. त्यांनी पाण्यातला गाळ घेतला, खाऱ्या दलदलीतला चिखल घेतला, आणि दोन्हींत त्यांना बी-१२ सापडलं. भरतीला बुडणारी, ओहोटीला उघडी पडणारी, गवत आणि चिखलाची ती भूमी आपल्याकडे असती, तर तिला खाजण म्हटलं असतं.

सरवा की सहजीवन

पुढचं अर्धशतक एका प्रश्नावर शास्त्रज्ञांचे दोन पक्ष होते. समुद्रातल्या किती शैवालांना बी-१२ लागतं, यावर दुमत नव्हतं. यादी वाढत होती आणि त्यांत निम्म्याहून अधिक शैवालं निघत होती. वाद होता तो वेगळ्या मुद्द्यावर. बी-१२ च्या टंचाईने समुद्रातल्या शैवालांची वाढ अडते का?

स्कॉटलंडच्या मिलपोर्ट इथे काम करणारे मायकेल ड्रूप म्हणाले, अडत नाही. त्यांनी मोनोक्रायसिस नावाचं एक शैवाल घेऊन एका पेशीला किती बी-१२ पुरतं याचा काटेकोर हिशेब मांडला. ती गरज इतकी चिमुकली निघाली, की समुद्रात विरघळलेलं जीवनसत्त्व तिला सहज पुरावं. जिवाणू मरतात, फुटतात, त्यांच्यातलं बी-१२ पाण्यात सांडतं आणि शैवाल ते वेचून घेतं. कापणी झालेल्या शेतात पडलेली कणसं वेचावीत, तसा हा सरवा. कोणी कोणाला मुद्दाम देत नाही. दुसऱ्या बाजूला प्रोव्हासोलींसारख्यांना वाटत होतं, की जीवनसत्त्वांचा पुरवठा कोणतं शैवाल कधी माजेल हे ठरवत असणार. १९७४ मध्ये हेन्स आणि गिलार्ड यांनी डायटम आणि बी-१२ घडवणारे समुद्री जिवाणू एका चंबूत वाढवून दाखवले. वरून जीवनसत्त्व न घालताही डायटम वाढले. तरी वाद मिटला नाही. गिलार्ड यांनी शैवालासाठी जे खाद्य बेतलं होतं त्यात बी-१, बी-७ आणि बी-१२ ही तीन जीवनसत्त्वं असतात. कोळंबीचं बीज तयार करणाऱ्या केंद्रांत पिल्लांसाठी डायटम वाढवायला आजही ते वापरलं जातं.

याच काळात अरबी समुद्राचा अभ्यासही उभा राहत होता. १९६० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. नौदलाचं ‘किस्त्ना’ हे जहाज भारताकडून त्यात उतरलं. त्या मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, जिचं मुख्यालय आज गोव्यात दोना पावला इथे आहे. मोसमी वाऱ्यांनी खालचं सकस पाणी वर येतं, त्यावर प्लवक माजतं, प्लवकावर मासळी, हा अरबी समुद्राचा मोठा आराखडा त्या पिढीने घातला.

२००५

त्या वर्षी पावसाळ्यानंतर महिन्याच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण आज मागे वळून पाहताना मला त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या खाड्यांच्या चिखलात वाढणारी तिवरं तोडायला मनाई केली. आणि ३ नोव्हेंबर २००५ च्या ‘नेचर’मध्ये मार्टिन क्रॉफ्ट, ॲलिसन स्मिथ, मार्टिन वॉरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख आला. त्यांनी तोवर तपासलेल्या ३२६ शैवालांची यादी मांडली होती. त्यांतल्या १७१ जातींना बाहेरून बी-१२ लागतं. मग त्यांनी शैवालांच्या जनुकांत डोकावून पाहिलं. मेथिओनिन घडवायची विकरं दोन प्रकारची असतात. एकाला बी-१२ लागतं, दुसऱ्याला लागत नाही. ज्या शैवालांकडे दुसरं विकर शाबूत आहे ती स्वतंत्र, ज्यांनी ते गमावलं ती परावलंबी. शेजारी आयतं मिळत असेल तर घरची चूल विझते, तसं हे अनेक शैवालकुळांत वेगवेगळ्या वेळी घडलं होतं.

त्यापुढचा प्रयोग जुन्या वादाच्या मुळावर जाणारा होता. पॉर्फिरिडियम या लाल शैवालाला बी-१२ विना ठेवलं आणि सोबतीला हॅलोमोनास हा जिवाणू दिला. शैवाल वाढलं. शैवालातून मिळणाऱ्या द्रव्यांवर जिवाणूही पोसला गेला. म्हणजे शैवालाने सूर्याची भाकर द्यायची, जिवाणूने बी-१२ चं विरजण द्यायचं. ड्रूप यांनी २००७ मध्ये लेख लिहून आपली सरव्याची बाजू पुन्हा ठामपणे मांडली. अर्ध्या शतकापूर्वीच्या आपल्या आकड्यांशी इतकं इमान राखणारा माणूस प्रतिपक्षात असणं हे या शास्त्राचं भाग्यच होतं, कारण त्यांच्या आक्षेपामुळे पुढच्यांना प्रत्येक गोष्ट समुद्रात जाऊन मोजावी लागली.

मोजल्यावर चित्र गुंतागुंतीचं निघालं. २०१२ मध्ये सान्युडो-विल्हेल्मी यांच्या चमूने कॅलिफोर्नियालगतच्या किनारी समुद्रात बी जीवनसत्त्वं जवळपास नसल्यासारखे मोठे पट्टे दाखवले. २०१० मधल्या एका अभ्यासात, पाणी रंगवणाऱ्या विषारी शैवालांच्या तपासलेल्या जवळपास सगळ्या जातींना बी-१२ लागतं असं आढळलं. २०१५ मध्ये एका डायटम-जिवाणू जोडीतला व्यवहार सापडला: जिवाणू बी-१२ देतो, डायटम त्याला खास गंधकयुक्त अन्न देतं. समुद्रात संख्येने सर्वाधिक असलेल्या सार-११ या जिवाणूलाही बी-१ चा एक घटक स्वतः बनवता येत नाही, तोही उसना घेतो. २०२४ मध्ये तर असे दोन जिवाणू पुढे आले, की एक बी-१२ चा एक भाग बनवतो, दुसरा उरलेला बनवतो आणि दोघांचं मिळून काम पूर्ण होतं. सरवाही खरा निघाला आणि सहजीवनही.

या शोधाचा एक हिशेब थेट आपल्या ताटाशी येतो. समुद्रातले निळे-हिरवे सूक्ष्मजीव बी-१२ शी मिळतंजुळतं, पण वेगळं रूप बनवतात. याच कुळातल्या स्पिरुलिनात मुख्यतः तेच असतं आणि माणसाला ते उपयोगी पडत नाही. हे सांगायला हवं, कारण महाराष्ट्रात बी-१२ ची उणीव हा मोठा प्रश्न आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं तो अभ्यासला. २००६ मध्ये त्यांनी छापलेल्या पाहणीत पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के जणांच्या रक्तात बी-१२ कमी होतं, आणि शाकाहारींना धोका कैक पट अधिक होता. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं सुमारे दोन मायक्रोग्रॅम. ऐंशी वर्षांच्या आयुष्याची सगळी गरज एकत्र केली तरी ती मिठाच्या चिमटीत मावते. एवढ्याशा वस्तूवाचून रक्त, मज्जातंतू, गर्भातलं मूल, सगळं पणाला लागतं.

चिखलाचं ऋण

या सगळ्या इतिहासात मला एका गोष्टीचं नवल सरत नाही. पन्नास वर्षं शास्त्रज्ञ चंबू धूत राहिले. जिवाणू म्हणजे भेसळ, ती काढली की शेवाळ शुद्ध होईल, असा त्यांचा समज होता. धुतल्याशिवाय ही उसनवारी दिसली नसती, हेही खरं. पण धुऊन झाल्यावर दिसलं ते हे, की शुद्ध केलेलं शेवाळ जगत नाही. ज्याला घाण म्हणून बाहेर काढलं तेच विरजण होतं.

रायगडच्या किनाऱ्यावर हा चंबू उघडा आहे. आषाढ-श्रावणात अंबा, कुंडलिका, सावित्री डोंगरातली माती घेऊन गढूळ होऊन उतरतात आणि धरमतर, रेवदंडा, बाणकोटच्या खाड्यांमधून समुद्रात शिरतात. प्लवक वाढवणाऱ्यांनी चंबूत घातलेला मातीचा काढा इथे दरसाल आभाळातून आणि डोंगरातून येतो. खाड्यांच्या कडेला खाजणं आहेत, तिवरं आहेत, भरती-ओहोटीला घुसळला जाणारा काळा चिखल आहे. पायाला चिकटणारा, वास येणारा तो चिखल आपण आजवर पडीक समजत आलो, त्यावर भराव टाकत आलो. १९५६ मध्ये बर्कहोल्डर दांपत्याने जॉर्जियाच्या किनाऱ्यावरून गोळा केला तो असाच चिखल होता.

म्हणून थळच्या खळ्यावर जवळा वाळताना पाहिला की मला त्यात एक साखळी दिसते. चिखलातला आणि पाण्यातला जिवाणू, त्याच्याकडून उसनं घेणारं डायटम, डायटम खाणारा किडूकमिडूक जीव, त्यावर पोसलेला जवळा, आणि सुकटीचा घास घेणारी, पोटात मूल असलेली एखादी बाई. तिच्या रक्तात ते विकर आता कामाला लागेल, ज्याचा एक हात लूसी विल्स यांनी परळला शोधला होता. दुसरा हात इथून, या पाण्यातून येतो आहे.